आयसोलेटर बसवले तरी चिलरची घरघर खालच्या मजल्यावर का येते?

वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर चिलर (इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र), त्याखाली स्प्रिंगचे आयसोलेटर (कंपन अडवणारे आधार), कागदोपत्री सगळं जागेवर. तरी खालच्या खोलीत छतातून घरघर उतरते आणि पार्टिशनच्या काचा बारीक वाजत राहतात. तक्रार आली की आयसोलेटर बदलले जातात, काही महिने बरे जातात आणि पुन्हा तोच आवाज. दुसऱ्यांदा बदलूनही फरक पडत नाही, तेव्हा दोष 'हलक्या मालावर' ढकलला जातो.

धड बनावटीची स्प्रिंग सहसा इतक्या लवकर निकामी होत नाही. बहुतेक वेळा कंपन तिला बगल देऊन दुसऱ्या वाटेने स्लॅबमध्ये शिरत असतं, नाहीतर तिच्यावर पडलेलं वजन हिशेबातल्या वजनाशी जुळत नसतं. या दोन्ही गोष्टी नवीन आयसोलेटर आणून सुटत नाहीत. म्हणून ऑर्डर देण्याआधी खालच्या क्रमाने तपासणी करा. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे: आधी फुकटात सापडणारे दोष, शेवटी स्लॅब.

आवाज हवेतून येतोय की बांधकामातून?

हे ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नका. खालच्या खोलीत कॉलमला आणि छताला तळहात टेकवा, मेकॅनिकचा स्टेथोस्कोप असेल तर तो लावा. थरथर हाताला लागत असेल तर कंपन बांधकामातून येतंय. हाताला काहीच लागत नाही, पण खिडकी उघडली किंवा डक्टच्या शाफ्टजवळ गेलं की आवाज वाढतो, तर तो हवेतून येतोय. त्याला स्प्रिंगचा काही उपयोग नाही. तिथे शाफ्टची भोकं बुजवणं, लुव्हर, पंख्याचा वेग या गोष्टी पाहाव्या लागतात.

मग यंत्रं एकेक करून बंद करा. आधी कॉम्प्रेसर, पंप चालू ठेवून. थोड्या वेळाने पंप. शेवटी कंडेन्सरचे पंखे. प्रत्येक वेळी खाली एक माणूस कान देऊन उभा हवा. चिलरच्या नावाने आलेली तक्रार प्रत्यक्षात शेजारच्या पंपाची निघणं अगदी नेहमीचं आहे. पंप आकाराने लहान म्हणून त्याच्या पायाकडे कोणी बघत नाही.

पुढची पायरी म्हणजे वारंवारिता. फोनवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. ऐकू येणाऱ्या गुणगुणीसाठी फोनचा मायक्रोफोन वापरा, मंद हलण्यासाठी त्यातला ॲक्सेलरोमीटर. मिनिटाच्या फेऱ्यांना ६० ने भागलं की हर्ट्झ मिळतात: १४५० फेऱ्यांचा पंप म्हणजे २४ हर्ट्झ, ९६० फेऱ्यांचा पंखा १६, कूलिंग टॉवरचा ३०० फेऱ्यांचा पंखा फक्त ५. मोटर आणि ट्रान्सफॉर्मरची विजेची गुणगुण पुरवठ्याच्या दुप्पट असते, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १००, ६० च्या पुरवठ्यावर १२०. स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये फेऱ्यांना रोटरच्या पाकळ्यांनी गुणायचं: २९५० फेऱ्या आणि पाच पाकळ्या असतील तर जवळजवळ २४६ हर्ट्झ.

हा आकडा अर्धं निदान करून देतो. खाली मुख्यतः यंत्राच्या फिरत्या शाफ्टच्या फेऱ्यांची वारंवारिता दिसत असेल (१६, २४ अशी), तर स्प्रिंगवरचं वजन, तिचं डिफ्लेक्शन (वजनाखाली ती किती दबली ते) किंवा स्लॅब यांत गडबड आहे. १०० हर्ट्झ आणि त्यावरचा बारीक सूर दिसत असेल, तर कुठेतरी लोखंडाला लोखंड भिडलंय, पाइप घट्ट बांधलाय किंवा स्प्रिंगखालचं रबर गायब आहे. त्या सुरासाठी जास्त डिफ्लेक्शनच्या स्प्रिंगा मागवणं म्हणजे पैसे पाण्यात.

स्प्रिंगला बगल देणाऱ्या वाटा

बरीच प्रकरणं इथेच मिटतात, म्हणून इथे घाई करू नका. यंत्र बंद करून वीज तोडा, विजेच्या मुख्य स्विचवर कुलूप आणि पाटी लावा, टॉर्च आणि फिलर गेज घेऊन खाली बसा.

पहिली जागा म्हणजे यंत्राचा बेस आणि प्लिंथ (खालचा काँक्रीटचा ओटा) यांच्यातली फट. ही निदान २५ मिमी हवी, ५० असेल तर उत्तम. इथे काय काय सापडतं: प्लास्टरचा पडलेला गोळा, दगडाची कपची, वेल्डिंग रॉडचे तुकडे, इन्स्टॉलेशनच्या वेळचे लाकडी गुटके, वॉटरप्रूफिंगचा वर चढवलेला थर. एखादाच खडा बेस आणि काँक्रीट यांच्यात चेपून बसला, तरी त्या कोपऱ्यातली स्प्रिंग जवळजवळ नसल्यातच जमा. एक पातळ पत्र्याची पट्टी बेसखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्या. जिथे अडेल तिथे खरवडून काढा. गच्चीवर दुरुस्तीचं काम झाल्यानंतर पुन्हा सुरू झालेली तक्रार असेल, तर आधी इथेच पाहा.

दुसरी जागा शिम. बंदिस्त किंवा रिस्ट्रेंड (हालचालीला मर्यादा घालणारे) आयसोलेटर येतात तेव्हा वरच्या आणि खालच्या भागात लोखंडी शिम घातलेले असतात, यंत्र ठेवताना स्प्रिंग दबू नये म्हणून. ते शेवटी काढायचे असतात. बाहेरून रंग एकसारखा असल्यामुळे ते आयसोलेटरच्या घराचाच (बाहेरच्या आवरणाचाच) भाग वाटतात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. स्प्रिंग आत अगदी कोरी आणि वजन सगळं शिमवर, असं दृश्य दिसलं तर नवल वाटू देऊ नका.

तिसरी जागा लिमिट स्टॉपचे नट. रिस्ट्रेंट बोल्ट यंत्राला वाऱ्याने उलटण्यापासून आणि पाणी काढल्यावर वर उसळण्यापासून धरतात. चालू स्थितीत नट आणि पट्टी यांच्यात ३ ते ६ मिमी मोकळीक हवी, आणि बोल्टच्या भोवतीसुद्धा चारी बाजूंनी फट हवी. देखभालीला आलेला माणूस ढिला नट पाहतो आणि 'सुटलाय' म्हणून करकचून आवळतो. झालं, आयसोलेटरचा खांब झाला. नट चुकूनही ढिला वाटू नये म्हणून दोन नट एकमेकांवर लॉक करा आणि शेजारी 'आवळू नका' असं रंगाने लिहून ठेवा. गंमत वाटेल, पण हे लिहिणं स्प्रिंग बदलण्यापेक्षा जास्त दिवस टिकतं. मोकळीक द्यायची म्हणून बोल्टच काढून टाकू नका. गच्चीवर वाऱ्याचा आणि भूकंपप्रवण भागात भूकंपाचा भार त्यांच्यावरच असतो.

चौथी जागा म्हणजे आयसोलेटरचा तळ. तो प्लिंथला बोल्टने धरलेला असेल तर वॉशरखाली रबराची बुशिंग हवी. स्प्रिंगखाली रबराचा किंवा निओप्रीनचा पॅड असतो तो उगीच नाही: स्प्रिंगची तार मंद कंपन अडवते, पण वरच्या वारंवारितेचं कंपन तारेतूनच घसरत खाली येतं. ते अडवायला रबर लागतं. पॅडमधून घट्ट बोल्ट खाली गेला की पॅडला काही अर्थ राहत नाही.

पाचवी, आणि सर्वांत दुर्लक्षित: कॉम्प्रेसरचे स्वतःचे माउंट. बऱ्याच पॅकेज युनिटमध्ये कॉम्प्रेसर वाहतुकीसाठी क्लॅम्पने किंवा बोल्टने जखडून पाठवतात आणि चालू करण्यापूर्वी ते सोडायचे असतात. सोडले नसतील तर आतला पहिला टप्पा बंद, सगळं कंपन फ्रेमवर. युनिटच्या पुस्तिकेत 'शिपिंग बोल्ट' शोधा.

उंची मोजा, मग बोला

प्रत्येक आयसोलेटरच्या स्प्रिंगची दबलेली उंची स्टीलच्या पट्टीने मोजून कागदावर लिहा. मोकळी उंची उत्पादकाच्या तक्त्यात असते. दोन्हींतला फरक म्हणजे डिफ्लेक्शन, म्हणजे स्प्रिंग किती मिमी बसली. सगळ्या स्प्रिंगा साधारण सारख्या बसलेल्या असाव्यात. यंत्राची नैसर्गिक वारंवारिता (स्प्रिंगवर ते स्वतःहून ज्या तालात डोलतं ती) याच आकड्यावरून निघते: १५.७६ ला मिमीमधल्या डिफ्लेक्शनच्या वर्गमुळाने भागा. २५ मिमीला ३.१५ हर्ट्झ, ५० मिमीला २.२३, ५ मिमीला ७. यंत्राची चालू वारंवारिता या आकड्याच्या निदान तिप्पट हवी. तेव्हा कागदावर साडेबारा टक्केच कंपन खाली जातं, चौपटीला सात टक्क्यांच्या आत. गुणोत्तर १.४ च्या खाली गेलं तर आयसोलेटर कंपन अडवत नाही, उलट वाढवतो.

आता नेहमीची चूक. समजा चिलरचं कोरडं वजन ७००० किलो आणि सहा आधार. कोणीतरी ७००० ला ६ ने भागतो, ११६७ येतात, म्हणून १२०० किलोच्या आणि २५ मिमी डिफ्लेक्शनच्या सहा सारख्या स्प्रिंगा मागवल्या जातात. पण चालताना आत पाणी असतं, गॅस असतो, वजन ८४०० होतं. आणि ते सारखं वाटलेलं नसतं: कॉम्प्रेसरच्या बाजूच्या दोन पायांवर १९०० किलो प्रत्येकी, मधल्या दोनांवर १४००, दूरच्या टोकाला ९००. १२०० किलोच्या स्प्रिंगची ताठरता ४८ किलो प्रति मिमी. तिला नेहमीची ५० टक्के जादा चाल (ठरलेल्या वजनापलीकडे दबायची जागा) दिलेली असेल तर १८०० किलोला तिचे वेढे एकमेकांवर टेकतात. म्हणजे कॉम्प्रेसरखालच्या दोन स्प्रिंगा पूर्ण बंद, नेमक्या जिथे कंपन सर्वांत जास्त तिथेच. दूरच्या स्प्रिंगा मात्र १९ मिमीवर मजेत उभ्या. वरवर पाहणाऱ्याला 'चार तर चांगल्या आहेत' असं दिसतं.

योग्य निवड म्हणजे तीन वेगळ्या स्प्रिंगा: कॉम्प्रेसरच्या बाजूला २००० किलोच्या दोन, मधे १५०० च्या दोन, टोकाला १००० च्या दोन. तेव्हा डिफ्लेक्शन अनुक्रमे २३.८, २३.३ आणि २२.५ मिमी येतं, यंत्र सपाट बसतं. स्प्रिंगांना रंग याच कारणासाठी दिलेले असतात. बसवताना लाल आणि निळी यांची अदलाबदल झाली तर हिशेब बरोबर असूनही निकाल चुकीचा, म्हणून आराखड्यावर प्रत्येक पायाशी रंग लिहा.

ॲडजस्टिंग बोल्टबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तो आवळला की स्प्रिंग 'कडक' होते असं नाही. तो फक्त त्या कोपऱ्याची उंची वाढवतो. सहा पायांपैकी एकच जास्त वर घेतला तर शेजाऱ्यांचं वजन त्याच्यावर येतं आणि तीच स्प्रिंग दबते. बोल्ट फिरवून चुकीच्या स्प्रिंगचा दोष झाकता येत नाही.

पाइप, बेलो, केबल

यंत्र स्प्रिंगवर आणि पाइप भिंतीला घट्ट क्लॅम्प, हे म्हणजे दार बंद करून खिडकी सताड उघडी ठेवणं. पाण्याच्या पाइपचे पहिले तीन आधार निदान यंत्राइतक्याच डिफ्लेक्शनच्या स्प्रिंग हँगरवर हवेत. यंत्रखोलीतले सगळे असतील तर अधिक चांगलं. पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथे स्लीव्ह हवी आणि स्लीव्हमध्ये मऊ भराव. सिमेंटने भरलेली स्लीव्ह दिसली तर तक्रार तिथूनच उतरतेय असं धरून चाला.

रबरी बेलोचं (पाइपमधल्या लवचीक जोडाचं) दुखणं वेगळं. त्याने कंपन काही प्रमाणात अडतं, पण दाब चढला की तो लांब व्हायला बघतो. १५० मिमीच्या पाइपात ६ बार दाब असेल, तर नुसत्या तोंडाच्या क्षेत्रफळावर हजार किलोहून जास्त जोर येतो. पाइपला पक्का अँकर नसेल तर हा जोर स्प्रिंगवरच्या यंत्राला बाजूला ढकलतो, रिस्ट्रेंट बोल्ट घराला जाऊन टेकतो आणि बंद यंत्रात न दिसणारा दोष चालू यंत्रात तयार होतो. म्हणून रिस्ट्रेंटची फट पंप चालू आणि सिस्टिममध्ये दाब असतानासुद्धा बाहेरून पाहा. उपाय: पलीकडच्या पाइपला अँकर, किंवा बेलोला कंट्रोल रॉड. रॉडच्या नटांखाली रबराचे वॉशर हवेत, नाहीतर रॉडच बेलोला बगल देतो. आणि बेलो वाकवून, ताणून पाइपची चुकलेली ओळंबी जुळवू नका. फ्लँज आधी एका रेषेत आणा.

गॅसच्या लाइनवरची विणीची लवचीक नळी लांबीच्या दिशेने काहीच झेलत नाही, फक्त आडवी हालचाल घेते. ती कॉम्प्रेसरच्या शाफ्टला समांतर बसवायची. दोन दिशांची हालचाल असेल तर काटकोनात दोन. उभी-आडवी कशीही लावली तर थोड्या दिवसांत वीण उसवते आणि गॅस जातो, तो तोटा आवाजापेक्षा मोठा.

विजेची कठीण कंड्युट थेट पॅनेलला जोडलेली असेल तर शेवटचा भाग लवचीक करा आणि एक पूर्ण सैल वेढा सोडा. ड्रेन पाइप, सेन्सरच्या नळ्या, केबल ट्रेचा टेकू, यंत्राच्या फ्रेमला वेल्ड केलेली शिडी किंवा रेलिंग: या सगळ्या बारक्या वाटा आहेत. एकेक हाताने दाबून पाहा. धरल्यावर खालचा आवाज बदलला तर ती वाट सापडली.

पुन्हा सेट करायचं असेल तर

यंत्र जॅकने उचलायच्या आधी पाइपचे फ्लँज सैल करायचे का, हे ठरवून घ्या. बेलो नसलेल्या, घट्ट पाइपच्या यंत्राला कोपऱ्यातून उचललं की ताण थेट नोझलवर आणि गॅसच्या तांब्याच्या जोडांवर जातो. जॅक उत्पादकाने दाखवलेल्या जागीच, फ्रेमखाली; शेलखाली किंवा पत्र्याखाली नाही. एका कोपऱ्याला एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त उचलू नका, लगेच ठोकळा सरकवा. हात जड यंत्राखाली चेपू शकतो, म्हणून ठोकळ्याशिवाय बेसखाली बोटही घालायचं नाही.

१. प्लिंथ लेव्हलने तपासा. आयसोलेटरचा पूर्ण तळ टेकला पाहिजे. उंचसखल असेल तर आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने जागा सपाट करा आणि ग्राउट पक्कं होऊ द्या.

२. आयसोलेटर आराखड्यातल्या रंगाप्रमाणे ठेवा, शिम जागेवर ठेवून यंत्र उतरवा. यंत्र या वेळी शिमवर उभं आहे, स्प्रिंगवर नाही. आणि आत्ता तसंच हवं.

३. पाइप जोडा, पाणी भरा, हवा काढा, गॅस चार्ज पूर्ण करा. चालू वजन आल्याशिवाय ॲडजस्टिंगला हात लावू नका. रिकाम्या यंत्रावर सेट केलेल्या स्प्रिंगा पाणी भरल्यावर खाली बसतात आणि पाइपच्या फ्लँजवर ताण येतो.

४. जास्त वजनाच्या पायापासून सुरुवात करा. प्रत्येक बोल्टला दोन आटे, मग पुढच्याला. पूर्ण फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. शिम हलायला लागले की अर्ध्या आट्यावर या. एकच कोपरा एकदम वर घेऊ नका.

५. सगळ्या पायांचे शिम हाताने सरकू लागले की काढून घ्या आणि मोजून घ्या. जितके आत होते तितके बाहेर आले पाहिजेत.

६. लिमिट नट ३ ते ६ मिमी मोकळे ठेवून दुसऱ्या नटाने लॉक करा. स्प्रिंगच्या उंची मोजून घराच्या बाहेरच्या बाजूला मार्करने लिहा, तारखेसकट.

चालू केल्यावर सुरुवातीला आणि बंद होताना यंत्र क्षणभर हलतं. ते फेऱ्या नैसर्गिक वारंवारितेतून जातानाचं आहे, दोष नव्हे. पण तेच हलणं चालू स्थितीत कायम राहत असेल, तर स्प्रिंग फार उंच आणि बारीक असू शकते. उघड्या स्प्रिंगचा बाहेरचा व्यास तिच्या दबलेल्या उंचीच्या निदान ०.८ पट हवा. त्याहून सडपातळ स्प्रिंग आडवी झुलते.

रबर पॅडवरची यंत्रं

कमी वजनाच्या कंडेन्सिंग युनिटना स्प्रिंगऐवजी खाचांचे रबर पॅड देतात. इथली चूक उलटी असते: पॅड कमी नाही, जास्त पडतो. समजा युनिट २४०० किलोचं आणि पॅड साधारण ३.५ किलो प्रति चौरस सेंमी भारासाठी. आठ आधारांवर ३०० किलो प्रत्येकी, म्हणजे एका जागी सुमारे ८६ चौरस सेंमी, १०० बाय ८५ मिमीचा तुकडा पुरे. त्याऐवजी दोन्ही रेलखाली तीन-तीन मीटर लांब, १० सेंमी रुंद पट्टा अंथरला की क्षेत्रफळ ६००० चौरस सेंमी होतं आणि भार ०.४ वर येतो. पॅड दबतच नाही, आणि न दबलेलं रबर काँक्रीटइतकंच निरुपयोगी. पट्टा काढून हिशेबाचे तुकडे लावा.

एका थराचा पॅड जेमतेम दीड मिमी बसतो. सूत्राने १३ हर्ट्झ येतात, आणि रबर हलत्या भाराला स्थिर भारापेक्षा जास्त ताठ वागतं, म्हणून प्रत्यक्षात आणखी वर. २४ हर्ट्झच्या यंत्राला हे फारसं अडवत नाही. १०० हर्ट्झच्या गुणगुणीला मात्र छान अडवतं. दोन थर हवे असतील तर मधे स्टीलचा पत्रा घाला. उघड्यावर निओप्रीन घ्या. साधं रबर ऊन आणि तेलाने कडक होऊन भेगाळतं. ५० शोअरचा (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) पॅड ७० च्या आसपास गेला की तो बदलायच्या यादीत.

कूलिंग टॉवर आणि वेग बदलणारे पंखे

'२५ मिमीच्या स्प्रिंगा कुठेही चालतात' हा ठोकताळा टॉवरवर तोंडघशी पडतो. ३०० फेऱ्यांचा पंखा म्हणजे ५ हर्ट्झ, २५ मिमीची स्प्रिंग ३.१५ वर, गुणोत्तर १.६ आणि दोन-तृतीयांश कंपन सरळ खाली. ९० मिमी डिफ्लेक्शन घेतलं तर १.६६ हर्ट्झ येतात आणि तेच कंपन साडेबारा टक्क्यांच्या आत येतं.

त्यातच वेग बदलणारा ड्राइव्ह लावला असेल तर पंखा रात्री १९० फेऱ्यांवर येतो. ते बरोबर ३.१७ हर्ट्झ, म्हणजे २५ मिमीच्या स्प्रिंगवर अनुनाद (दोन्ही ताल जुळून कंपन फुगणं). तक्रार फक्त रात्रीची, तीही थंडीच्या दिवसांत, असं ऐकलं की आधी ड्राइव्हची नोंद काढा. स्प्रिंग बदलेपर्यंत ड्राइव्हमध्ये तो वेगाचा पट्टा 'स्किप' करा किंवा किमान वेग वाढवा. आणि पंख्याचा तोल तपासा: पात्यावर साचलेला क्षार एकाच बाजूने गळून पडला तरी टॉवर हलायला लागतो.

सगळं ठीक, तरी आवाज

आता स्लॅब. स्प्रिंगचा सगळा हिशेब खालचा आधार कडक आहे असं धरून केलेला असतो. लांब स्पॅनच्या (आधारांमधल्या अंतराच्या) मधोमध ठेवलेल्या यंत्राखाली स्लॅब स्वतःच स्प्रिंगसारखा वागतो. म्हणून रेसिप्रोकेटिंग (पिस्टनच्या कॉम्प्रेसरच्या) चिलरसाठी ६ मीटर स्पॅनला साधारण २० मिमी डिफ्लेक्शन, ९ मीटरला ४० आणि १२ मीटरला ६५ असं वाढवत नेतात. यंत्र बंद असताना वाळूची पिशवी थोड्या उंचीवरून स्लॅबवर टाका आणि फोनवर कंपनाचा शेंडा कोणत्या वारंवारितेवर येतो ते पाहा. तो यंत्राच्या फेऱ्यांच्या वारंवारितेजवळ येत असेल तर स्लॅब त्या यंत्राच्या तालावर डोलतोय.

अशा वेळी नुसती जास्त मऊ स्प्रिंग पुरेलच असं नाही. दोन कॉलमवर किंवा मुख्य बीमवर टेकलेली स्टीलची चौकट करून यंत्राचं वजन स्लॅबच्या मध्यावरून काढून घ्यावं लागतं, आणि आयसोलेटर त्या चौकटीवर बसवावे लागतात. चौकट स्लॅबला मधे कुठेही टेकू नये. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबाशिवाय करू नका; चौकटीचं स्वतःचं वजन आणि तिचा झोल हे दोन्ही त्याने पाहिले पाहिजेत, कारण झोल देणारी चौकट म्हणजे आणखी एक न मोजलेली स्प्रिंग.